किती कापले ते कळलं नाही

ठाण्यात ध्वनियंत्रणा भाड्याने देण्याच्या माझ्या धंद्यात वर्षाचे बहुतेक दिवस हळदी, साखरपुडे, सोसायट्यांचे गणपती, शाळांची स्नेहसंमेलने आणि निवडणुकीच्या काळातल्या चौकसभा यांत जातात. त्यामुळे कंत्राटी सफाई कामगारांच्या मेळाव्यात एक पंक (वेगवान, गोंगाटी रॉक संगीत) बँड वाजवणार आहे आणि त्याच मंचावर एक वयोवृद्ध शाहीर आपले पथक घेऊन येणार आहेत, असे आयोजकांनी सांगितले तेव्हा मला उत्सुकतेपेक्षा यादीची काळजी अधिक वाटली. ड्रमला किती माइक लागतील, गिटारचे ॲम्प (आवाज मोठा करणारे खोके) कोण आणणार, डफ आणि तुणतुणे एकाच माइकवर घ्यायचे की वेगळे, अशी ती यादी होती. ती पुरी होत आली तोच, आदल्या संध्याकाळी, सभागृहाचे आरक्षण फोनवरून रद्द झाले. कारण विचारल्यावर “कार्यक्रम राजकीय आहे हे आम्हाला सांगितलं नव्हतं” एवढेच उत्तर मिळाले. पत्रिकेवर ‘किमान वेतन’ आणि ‘भविष्य निर्वाह निधी’ हे दोनच विषय ठळक छापलेले होते. ते कोणत्या पक्षाचे आहेत, हे मला अजून समजलेले नाही.

रात्रीतून जागा मिळाली ती वागळे इस्टेटमध्ये, बंद पडलेल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्याच्या गाळ्यात. खाली कोबा, बाजूला गिलावा न केलेल्या भिंती आणि वर लोखंडी अँगलवर टाकलेले पत्रे. आत पाऊल टाकताच मी एक टाळी वाजवली आणि ती विरेपर्यंत थांबलो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सतरा मीटर लांबीच्या गाळ्यात मागच्या भिंतीवर आपटलेला शब्द एक दशांश सेकंदाने मंचावर परत येतो आणि पुढच्या शब्दावर चढून बसतो. त्यात पत्रा आपली वेगळी थरथर मिसळतो. अशा जागेत स्वर लांबत जातात आणि व्यंजने बुडतात. ‘पगार’ आणि ‘नकार’ यांतला फरक मागच्या रांगेला लागत नाही. भाषण असो की गाणे, जिथे शब्द महत्त्वाचे आहेत तिथे हा गाळा शत्रूच होता.

यावर इलाज एकच, तो म्हणजे आवाज शोषून घेईल असे काहीतरी जड आणि मऊ भिंतींना लावणे. अंड्यांचे ट्रे लावा, असा सल्ला मला नेहमी कोणी ना कोणी देतो. तो हलका पुठ्ठा वरच्या पट्टीतला थोडा खणखणाट कमी करतो, त्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. मी आयोजकांना जाड पडदे किंवा जुन्या गाद्या मिळतात का, असे विचारले. ते ऐकून किसननगरात राहणारी एक कामगार बाई निघून गेली आणि दुपारपर्यंत तिच्यासह आठ-दहा जणी डोक्यावर गोधड्यांचे गठ्ठे घेऊन आल्या. जुन्या नऊवारींचे चार-पाच थर घालून शिवलेली गोधडी वजनाने भक्कम असते. ती भिंतीला चिकटवून न लावता वीतभर पुढे टांगली तर मागच्या हवेच्या पोकळीमुळे खालच्या पट्टीतला घुमाराही काही प्रमाणात दबतो. आम्ही अँगलला दोऱ्या बांधून मागची पूर्ण भिंत आणि बाजूच्या भिंतींचा निम्मा भाग गोधड्यांनी झाकला. प्रत्येकीने आपल्या गोधडीमागच्या भिंतीवर खडूने नाव लिहिले. “उद्या माझी मलाच मिळाली पाहिजे,” असे एकीने मला दोनदा बजावले. एक फाटकी गोधडी ड्रमरने मागून घेतली आणि घडी करून मोठ्या ड्रमच्या पोटात कोंबली. पुन्हा टाळी वाजवली तेव्हा ती बरीच लवकर विरली.

बँड चार जणांचा होता. गाणारा गिटारवादक कळव्याचा, बेस वाजवणारी मुलगी ऐरोलीची, बाकीचे दोघे कोपरीचे. सगळे नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले आणि मराठीत गाणारे. त्यांच्याविषयी पहिला चांगला ग्रह माझा झाला तो पैशांमुळे, हे लपवण्यात अर्थ नाही. चळवळीच्या कार्यक्रमांत साऊंडवाल्याने फुकट यावे अशी एक अपेक्षा असते, आणि श्रमाच्या मोलाची गाणी ऐकत केबल गुंडाळून मोकळ्या हाताने घरी जाण्याचा अनुभव मला आहे. या मुलांनी माझा दर विचारला, घासाघीस केली नाही आणि अर्धी रक्कम आगाऊ दिली. बाहेरून येणाऱ्यांसाठी पन्नास रुपये प्रवेश आणि कामगारांना मोफत, असे त्यांनी ठरवले होते. याला त्यांच्या संगीतात जुनी परंपरा आहे, असे बेसवालीने सांगितले. वॉशिंग्टनचा फुगाझी हा बँड नाव झाल्यावरही कार्यक्रमाचे तिकीट पाच डॉलरांच्या आसपासच ठेवत असे. त्याच्या गायकाने मित्रासोबत १९८० साली काढलेली डिस्कॉर्ड ही ध्वनिमुद्रण कंपनी मोठ्या कंपन्यांच्या दारात कधी गेली नाही. इंग्लंडमधला क्रास हा बँड तर तबकडीच्या वेष्टनावरच ‘यापेक्षा जास्त पैसे देऊ नका’ असे छापत असे. आपल्याकडे साठच्या दशकात चक्रमुद्रित लघुनियतकालिके काढणाऱ्या मंडळींनाही हा हिशेब लगेच पटला असता.

खरा प्रश्न चाचणीच्या वेळी उभा राहिला. त्या दिवसासाठी बँडने एक नवे गाणे बांधले होते, आणि त्याचे शब्द म्हणजे एका कामगाराची पगाराची पावती होती. महिना, हजेरीचे दिवस, मूळ वेतन, पीएफ बारा टक्के, ईएसआय (कामगार विमा) पाऊण टक्का, इतर कपात, हातात पडलेली रक्कम. कल्पना मला फार आवडली, कारण कंत्राटी कामगाराची फसवणूक बहुधा याच कागदावर होते. भविष्य निर्वाह निधीसाठी बारा टक्के कापणे कायद्याने योग्यच आहे. तक्रार ही की पावतीवर कापलेले पैसे पासबुकात दिसत नाहीत. या कामगारांच्या कंत्राटदाराच्या पावत्यांवर ‘इतर’ या नावाखालीही एक रक्कम दर महिन्याला जात होती आणि तिचा खुलासा कोणी देत नव्हते. बँडने हे सगळे अडीच मिनिटांत, प्रचंड वेगाने आणि गिटारच्या भिंतीआडून गायले. गोधड्यांनी आपले काम केले होते, तरीही मला फक्त ‘टक्के’ एवढाच शब्द ऐकू आला.

खुर्च्या मांडत असलेल्या बायकांपैकी गोधड्यांसाठी सर्वात आधी उठलेली ती मावशी पुढे आली आणि म्हणाली, “गाणं जोरात आहे रे बाळा, पण किती कापले ते कळलं नाही.”

गिटारवाला नम्र पण ठाम होता. “मावशी, या गाण्यांत शब्दांपेक्षा राग पोचावा लागतो.”

“राग आमच्याकडे आहे की भरपूर. आकडा सांग.”

मुलाचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. १९७६-७७ च्या सुमाराला इंग्लंडात पंक उभे राहिले ते सफाईदार, महागड्या रॉक संगीताला वैतागून, आणि त्या गोंगाटातच ‘तुमच्या परवानगीची आम्हाला गरज नाही’ हे विधान होते. पण तेच पंक वर्णद्वेषाच्या विरोधात उभे राहिले तेव्हा नुसत्या गोंगाटावर भागले नाही. इंग्लिश रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७६ साली बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकल्यावर ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ सुरू झाली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गार चौकातून निघालेला तिचा मोर्चा लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये पोचला, तेव्हा तिथे द क्लॅशसारख्या पंक बँडच्या बरोबरीने स्टील पल्स हा कृष्णवर्णीयांचा रेगे बँडही वाजला. ही माहिती मला त्या मुलानेच केबल ओढता ओढता दिली होती आणि आता तीच मी त्याच्यासमोर ठेवली. कोणाच्या बाजूने आपण उभे आहोत हे लोकांना समजणे गरजेचे असेल, तर मिक्सरवर कोणाचा आवाज वर आहे हाही राजकीय प्रश्नच असतो. मंचावरच्या विचारांची चर्चा पुष्कळ होते. आवाज वर-खाली करणाऱ्या फेडरची कोणी करत नाही.

अडचण तांत्रिकही होती. माणसाच्या बोलण्यातली व्यंजने ओळखू येतात ती मुख्यतः दोन ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि मुद्दाम आवाज फाडून वाजवलेली गिटार नेमकी तिथेच पसरते. गाणाऱ्याचा माइक वाढवावा तर बुटक्या पत्र्याखाली शिट्टी सुरू होते, कारण माइकला गाणाऱ्यापेक्षा स्पीकरच अधिक ऐकू येऊ लागतो. मी त्याचा ॲम्प जमिनीवरून उचलून खुर्चीवर ठेवला आणि त्याच्या कानाकडे तिरपा केला. बहुतेक गिटारवादक ॲम्प गुडघ्यांशी ठेवतात, त्यांना स्वतःचे वाजवणे ऐकू येत नाही आणि मग ते आवाज वाढवत राहतात. आता तोच आवाज थेट कानात बसल्यावर त्याने तोंड वाकडे केले, पण बटण खाली आणायला तो राजी होईना. ते शेवटी बेसवालीने, त्याच्याकडे न पाहता, खाली आणले. मी गिटारच्या चॅनेलवर तीन किलोहर्ट्झच्या आसपास थोडी कात्री लावली. फरक पडला, पण मावशींचे समाधान होईल इतका नव्हे.

तेवढ्यात शाहीर आले. त्यांनी तक्रार ऐकून घेतली आणि गाणे पुन्हा वाजवायला लावले. मग ते म्हणाले, “तुमच्याकडे झीलकरी नाहीत, म्हणून ही रडकथा.” १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांच्यासारखी पथके कामगारांच्या वस्त्यांत गात तेव्हा शब्द पोचवण्याचे निम्मे काम झीलकरी करत. शाहिराने ओळ टाकायची, साथीदारांनी तिचे शेपूट उचलून पुन्हा म्हणायचे. पहिल्यांदा निसटले ते दुसऱ्यांदा कानात पडते. पंकमध्येही सगळ्यांनी मिळून ओरडायची जागा असतेच, ती या मुलांनी फक्त शेवटासाठी राखून ठेवली होती. शाहिरांच्या सूचनेवरून गाण्याचा सांगाडा बदलला. ओळ येईल तेव्हा गिटार पूर्ण बंद, फक्त बेस आणि ड्रम. ओळीतला आकडा संपला की गिटार फुटणार आणि तोच आकडा सर्वांनी म्हणायचा. ड्रमरची कुरकुर झाली, कारण त्याच्या मते गाणे आता ‘थांबत थांबत’ चालले होते. ते खरेही होते.

कार्यक्रम संध्याकाळी सुरू झाला. कामगार बायका दाराजवळच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, कारण पहाटेची हजेरी असल्याने मधूनच उठून जाता यावे असे त्यांना वाटत होते. बेसवालीने पहिल्या गाण्याआधी माइकवरून बायकांना पुढे बोलावले आणि पुरुषांना मागे सरकायला लावले. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बिकिनी किल या बँडची गायिका हेच करत असे. धक्काबुक्कीमुळे मुलींना मागे राहावे लागते, हे तिला मान्य नव्हते. इथे धक्काबुक्की नव्हती, संकोच होता, पण खुर्च्या ओढत बायका आल्या.

सेप्टिक टँकमध्ये नवरा गमावलेली एक बाईही बोलली. अशा मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली होती आणि २०२३ साली ती तीस लाख केली. तिच्या हातात त्यातले काय पडले, हे तिने कागदावरच्या तारखा वाचत सांगितले. तिचा आवाज इतका हळू होता की मी उठून गाळ्याचा पंखा बंद केला. तिच्याविषयी याहून अधिक मी लिहिणार नाही.

साडेनऊच्या सुमारास एक हवालदार आले, परवानगीचा कागद पाहिला आणि “दहाला बंद” असे सांगून बाहेर उभे राहिले. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि आमच्या गाळ्याचे शटर उघडेच होते, तेव्हा वाद घालण्याचे कारण नव्हते. शाहिरांनी आपला शेवटचा पोवाडा आखडता घेतला आणि पावतीचे गाणे वर आले. पहिल्या आकड्याला झील फक्त शाहिरांच्या पथकाने धरली. दुसऱ्यापासून पुढच्या रांगा त्यांत मिसळल्या. “कापले बारा, भरले किती?” या ओळीवर बँडने उत्तर लिहिलेलेच नव्हते, तिथे नुसती गिटार होती, बायकांनी “शून्य!” असे उत्तर दिले, आणि पुढच्या फेरीला गिटारवाल्याने तिथे हात उचलून जागा मोकळी सोडली. माझ्या मिक्सरवर गाणाऱ्याच्या माइकमध्ये तो ‘शून्य’ त्याच्या स्वतःच्या आवाजापेक्षा मोठा येत होता. ड्रमरही हसत होता.

दहाला पाच मिनिटे असताना मी यंत्रणा बंद केली. गोधड्या उतरवण्याची घाई सुरू झाली, खडूची नावे वाचली जाऊ लागली, आणि मावशी आपली गोधडी काखेत मारून थेट गिटारवाल्याकडे आली. गाणे नीट कळले, पण त्यात चूक आहे, असे तिचे म्हणणे होते. ‘इतर’ म्हणजे गमबूट. ते तीनशे रुपये साहेबांनी तोंडी सांगितले होते, कागदावर लिहिले नव्हते, म्हणून मुलांना सापडले नाहीत. गिटारवाल्याने खिशातून पावतीची प्रत काढली, मागच्या बाजूला ‘गमबूट – ३००’ असे लिहिले आणि जरा चाचरत म्हणाला, “पण मावशी, हे त्या ओळीत बसत नाही.”

“ते तू बघ,” ती म्हणाली. “आणि हातमोज्याचेही लिही.”