पालिकेत आलो, तरी शेजार रेल्वेचाच

३० जून २०२१ ला आमचं मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेलं, एकूण २३ गावांबरोबर. वडिलांनी घेतलेला आमचा एनए (बिनशेती) प्लॉट पुणे–दौंड लोहमार्गाला लागून आहे. घर बांधायचं ठरलं तेव्हा आई म्हणाली, "आता आपण कार्पोरेशनात आलो ना, मग रेल्वेला कशाला विचारायचं?"

मलाही तसंच वाटत होतं. पण हद्दवाढ राज्य सरकार करतं, महापालिका अधिनियमाच्या कलम ३ खाली. त्यानं रेल्वेच्या जमिनीची मालकी बदलत नाही, ती केंद्राचीच राहते. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम करायचं तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. बांधकाम परवानगीचा अर्ज तेव्हा पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, करायचा होता. या गावांचं नियोजन शासनानं त्यांच्याकडे दिलं होतं.

माझी चूक झाली ती मोजताना. मी टेप रुळापासून लावला. ४१ मीटर भरले, निर्धास्त झालो. आर्किटेक्ट मॅडमनी नकाशा बघितल्या बघितल्या विचारलं, "रूळ राहू द्या, हद्द कुठंय?"

मग भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज केला. मोजणीला रेल्वेचे दोन कर्मचारीही हजर होते. कोयत्यानं बाभळीची झुडपं तोडत आम्ही पुढे सरकत होतो. एका ठिकाणी माती उकरल्यावर अर्धा गाडलेला हद्दीचा दगड लागला. चुना पार उडालेला, एक कोपरा फुटलेला. आमच्या घराची भिंत जिथे येणार होती तिथून तो जेमतेम १४ मीटरवर होता. तो दगड बघितला आणि सगळा प्लॅन नव्यानं करावा लागणार हे कळलं.

दाखल्यासाठी सातबारा, मोजणीचा नकाशा, घराचे नकाशे आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचं पत्र दिलं. पाहणीला आलेल्या साहेबांनी सर्वात जास्त विचारलं ते पाण्याबद्दल. छताचं, अंगणाचं पाणी कुठे जाणार? रुळाखालच्या भरावात पाणी मुरलं तर तो खचतो. आम्ही उतार रस्त्याकडे फिरवला, तसा नकाशा परत दिला, आणि दाखला मिळाला.

रुळांजवळ बांधणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी मोजणी करून घ्या, प्लॅनचे पैसे नंतर खर्च करा.

घर आता उभं आहे. ड्रेनेज लाइन मात्र रुळांच्या पलीकडे आहे आणि ती रुळाखालून आणायला पुन्हा रेल्वेचीच परवानगी लागते. तोवर सेप्टिक टँकवर भागवतोय.