४१ नंबरची शेवटची रात्र, ओबी (थेट प्रक्षेपणाच्या) व्हॅनमधून

टीव्हीवर सामना बघताना खाली स्कोअरची पट्टी असते आणि मधूनच कुणाचे तरी आकडे झळकून जातात. ते आकडे कुणीतरी बसून टाकत असतं. डॅलसमध्ये काही हंगाम मी ते काम केलं. पुण्यात एका मराठी वृत्तवाहिनीत ‘ब्रेकिंग’च्या पट्ट्या चालवून हात बसला होता. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी डॅलसजवळच्या आयर्व्हिंगला आले, वर्क परमिट मिळालं, आणि एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या डॅलस मॅव्हरिक्स संघाच्या घरच्या सामन्यांना फ्रीलान्स ग्राफिक्स ऑपरेटर म्हणून ओबी व्हॅनमध्ये बसू लागले. निवडणूक निकालाचा दिवस ज्याने काढलाय त्याला बास्केटबॉलच्या वेगाची भीती वाटत नाही, एवढंच माझं भांडवल.

९ एप्रिल २०१९. फिनिक्स सन्सविरुद्ध डॅलसचा हंगामातला घरचा शेवटचा सामना. गुणतक्त्यात त्याला काडीची किंमत नव्हती, दोन्ही संघ बाद फेरीच्या शर्यतीतून कधीच बाहेर पडलेले. तरी आम्हाला नेहमीपेक्षा बरंच लवकर बोलावलं होतं. कारण डर्क नोवित्स्की, डॅलसचा ४१ नंबरचा जर्मन खेळाडू.

अडचण अशी होती की हा त्याचा शेवटचा हंगाम आहे हे अख्ख्या शहराला ठाऊक होतं, पण त्याने स्वतः ते जाहीर केलेलं नव्हतं. माणूस बोलायच्या आधी आपण पडद्यावर ‘निवृत्त’ लिहायचं कसं? म्हणून प्रत्येक ग्राफिकच्या दोन आवृत्त्या करून ठेवल्या. एकीत सगळं वर्तमानकाळात, दुसरीत भूतकाळात. वर्तमानकाळातलीत लिहिलं होतं: २१वा हंगाम, एकच संघ, ३१,५१० गुण, सर्वकालीन यादीत सहावा. तीनच आठवड्यांपूर्वी त्याने विल्ट चेंबरलेनला मागे टाकलं होतं. पुढे जॉर्डन, लेब्रॉन, कोबी, कार्ल मलोन आणि करीम अब्दुल-जब्बार, बस्स.

व्हॅन मैदानाच्या मागच्या बाजूला, जिथे मालाचे ट्रक लागतात तिथे उभी असते. आत मशीनसाठी एसी इतका कडक की एप्रिलमध्येही मी शाल घेऊन जायचे. माझ्या शेजारी आकडेवारीवाले गृहस्थ बसायचे. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायचे. संघ जुन्या रीयुनियन अरीनात खेळायचा तेव्हापासून ते हेच काम करत होते, म्हणजे नोवित्स्कीचा पहिला हंगामही त्यांनी स्वतः टिपलेला.

सामना सुरू होता होता सांगलीहून बाबांचा मेसेज आला. तिकडे पहाटेचे सहा. “म्हणजे तिकडचा सचिनच का गं हा?” मी घाईत ‘साधारण’ एवढंच पाठवलं. खरं तर तितकंसं नाही. सचिन सोळाव्या वर्षी पाकिस्तानात कसोटी खेळत होता. हा एकोणिसाव्या वर्षी जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, आपल्याच गावच्या वुर्झबुर्गच्या संघात होता. आई हेल्गा जर्मनीकडून बास्केटबॉल खेळलेली, वडील हँडबॉलपटू, आणि पोरगा आधी हँडबॉल आणि टेनिसमध्ये रमलेला. उंची वाढत सात फुटांपर्यंत गेली तशी टेनिसची रॅकेट सुटली.

त्याला घडवलं होल्गर गेश्विंडनर यांनी. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ते जर्मन संघाचे कर्णधार होते आणि शिक्षण गणित-भौतिकशास्त्राचं. चेंडू कोणत्या कोनात सुटला तर रिंगमध्ये पडायला जास्तीत जास्त वाव मिळतो, याचं त्यांनी गणित मांडलं आणि त्या गणिताप्रमाणे पोराचा हात बसवला. वजनं उचलायला लावण्याऐवजी होडी वल्हवायला लावली, पुस्तकं वाचायला लावली, वाद्य शिकायला लावलं. अमेरिकेत कोट्यवधी डॉलर मिळायला लागल्यावरही हा दर उन्हाळ्यात त्यांच्याकडे, जर्मनीतल्या फ्रँकोनियातल्या एका साध्या व्यायामशाळेत, तोच फटका घोटायला परत जायचा. मला त्याच्या कारकिर्दीत सगळ्यात जास्त हेच आवडतं, आणि नेमकं हेच आकड्यांच्या ग्राफिकमध्ये बसत नाही.

१९९८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, मिलवॉकीने त्याला नववा निवडला आणि लगेच डॅलसकडे दिला, बदल्यात रॉबर्ट ट्रेलर घेतला. ट्रेलरला लोक ‘ट्रॅक्टर’ म्हणायचे. आजोबा म्हणाले, “तेव्हा इथे निम्म्या लोकांना वाटलं, हातचा ट्रॅक्टर घालवून आपण काठी घेतली.” पहिल्या हंगामात काठीने सरासरी ८.२ गुण केले. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात तो हंगाम ५० सामन्यांवर आलेला, त्यात भाषा परकी, बचाव कच्चा. परत जर्मनीला जावं का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं.

आमचा वाद झाला तो मात्र २००६वरून.

मी एक ग्राफिक केलं होतं: डावीकडे २००६ आणि २००७, उजवीकडे २०११. २००६च्या अंतिम फेरीत डॅलस मायामीविरुद्ध २-० पुढे होतं. तिसऱ्या सामन्यातही शेवटच्या क्वार्टरमध्ये तेरा गुणांची आघाडी. ती गेली, आणि अगदी अखेरच्या सेकंदांत बरोबरी साधून देणारा फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा विनाअडथळा फटका, नोवित्स्कीकडून हुकला. ज्याचे दहातले नऊ जायचे त्याचा! तिथून सलग चार सामने हरले. पुढच्या हंगामात ६७ विजय, तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हा मान मिळवणारा पहिला युरोपियन. पण पहिल्याच बाद फेरीत आठव्या मानांकित गोल्डन स्टेटने त्यांना घरी पाठवलं, आणि तो पुरस्कार त्याला हरून बसल्यानंतर स्वीकारावा लागला. गोल्डन स्टेटच्या घरी, ओकलंडमध्ये, हरल्याच्या रात्री त्याने कचऱ्याचा डबा उचलून भिंतीवर फेकला होता. भिंतीला पडलेलं भोक तिथल्या लोकांनी काचेआड जपून ठेवलं. पुढे त्यावर त्याने सहीही केली. पाच वर्षं हा माणूस ‘सॉफ्ट’ हे विशेषण घेऊन हिंडला.

प्रोड्यूसरचं म्हणणं, आजचा दिवस आनंदाचा आहे, पराभव कशाला उकरायचे. त्याच्या जागी तो बरोबरच होता, निरोप समारंभात हिशेब काढत नाहीत. पण मला पटेना. डावी बाजू काढली तर उजवीकडचं २०११ नुसती एक ट्रॉफी राहते. त्या वर्षी ओक्लाहोमाविरुद्ध ४८ गुण, फ्री थ्रो २४ पैकी २४. मग अंतिम फेरीत पुन्हा तेच मायामी, आता लेब्रॉनसकट. पहिल्या सामन्यात डाव्या हाताच्या मधल्या बोटाचा स्नायुबंध फाटला, चौथ्या सामन्यात अंगात सडकून ताप. निर्णायक सहाव्या सामन्यात तर पूर्वार्धात बारापैकी एकच फटका पडला होता, तरी शेवटी २१ गुण करून उठला. सामना संपताच सगळे मैदानात नाचत असताना हा टेबलावरून उडी मारून थेट ड्रेसिंग रूममध्ये पळाला, रडायला. ते पळणं २००६मधून आलेलं होतं, असं माझं मत.

आजोबांनी माझी बाजू घेतली. ठरलं की तिसऱ्या क्वार्टरमध्ये, उसंत मिळाली तर, टाकायचं.

उसंत कुठली मिळायला. पहिला चेंडू पडल्यापासून डॅलसचे सगळे खेळाडू त्यालाच पास देत होते. संघाचे पहिले दहा गुण त्याचेच. आमच्याकडे एक कॅमेरा फक्त त्याच्यावर लावलेला होता आणि तो मॉनिटर माझ्या बरोब्बर समोर. टीव्हीवर दिसत नाही ते त्यात दिसायचं. तो धावत नव्हताच, शरीर ओढून नेत होता. बचावात मागे जाताना पावलं टाकण्याआधी जमिनीचा अंदाज घ्यायचा. आदल्या एप्रिलमध्ये डाव्या घोट्याची शस्त्रक्रिया झालेली, तिच्यातून सावरताना हंगामाचे पहिले दोन महिने बाहेर गेलेले. आणि त्याचा तो जगप्रसिद्ध फटका म्हणजे उजवा गुडघा वर, शरीर मागे झुकलेलं, सगळा भार डाव्या पायावर. त्याच घोट्यावर! असा एक फटका त्या मॉनिटरवर मी जवळून पाहिला. उडी म्हणावी इतका तो वर गेलाच नाही. पायाचा चवडा जमिनीपासून जेमतेम सुटला असेल. पण मनगट मात्र वीस वर्षांपूर्वीच्या गणिताप्रमाणेच वळलं, आणि समोरच्याचा हात पोचायच्या आत चेंडू वर निघून गेला होता.

एका टाइमआउटला मैदानातल्या मोठ्या पडद्यावर लहान मुलांच्या रुग्णालयातली चित्रफीत लावली. दर नाताळात तो तिथे भेटी घेऊन जायचा, बहुतेक वेळा कॅमेऱ्याशिवाय. चित्रफीत बघता बघता त्याचे डोळे भरून आले. टॉकबॅकवर, म्हणजे कानातल्या हेडफोनवर, डायरेक्टरचा आवाज आला, “ग्राफिक्स, सगळं काढ. पट्टीसुद्धा.” सामना चालू असताना स्कोअरची पट्टी काढायची नाही, हा आमचा पहिला नियम. मी बटण दाबलं आणि पडद्यावर नुसता तो उरला.

मग चौथ्या क्वार्टरमध्ये आजोबांनी माझ्या दंडाला धरलं. “क्रॉफर्डचे बघ.” जमाल क्रॉफर्ड, फिनिक्सचा राखीव खेळाडू, वय ३९. सगळ्या कॅमेऱ्यांची तोंडं नोवित्स्कीकडे असताना हा भला माणूस गपचूप चाळीस गुणांच्या पार पोचला होता. शेवटी ५१ केले. पन्नासच्या वर जाणारा एनबीएच्या इतिहासातला सर्वांत वयस्क खेळाडू! याआधी जॉर्डनने ३८व्या वर्षी ५१ केले होते. वर चार वेगवेगळ्या संघांकडून पन्नास करणाराही हा पहिलाच. आता सांगा, हे टाकायचं नाही? आजोबा आकडे सांगत गेले, मी टाइप करत गेले. २००६चं ग्राफिक रांगेत मागे मागे सरकलं आणि शेवटी राहिलंच. ज्याची लग्नघटिका त्याच्याच मांडवात दुसऱ्याची वरात, असा तो प्रकार. पण मला क्रॉफर्डचा राग नाही आला. त्या रात्रीत तेवढीच एक गोष्ट कुणी लिहून ठेवलेली नव्हती.

डॅलस १२०-१०९ जिंकलं, नोवित्स्कीचे ३० गुण. गंमत म्हणजे त्याच रात्री मायामीत ड्वेन वेडही घरचा शेवटचा सामना खेळला, त्यानेही ३०च केले. २००६ आणि २०११, दोन्ही वेळचा समोरचा माणूस.

नंतर अंधार करून एकेकाला मैदानात आणलं. लॅरी बर्ड, चार्ल्स बार्कली, स्कॉटी पिपन, शॉन केम्प आणि डेटलेफ श्रेम्प्फ. लहानपणी वुर्झबुर्गमध्ये ज्यांच्याकडे बघून हा खेळ शिकला ते पाचही जण. नावांच्या पट्ट्या मी दुपारीच करून ठेवल्या होत्या. श्रेम्प्फला लोकांनी जरा कमी टाळ्या दिल्या याचं मला वाईट वाटलं. लेव्हरकूजनचा हा माणूस १९८५मध्ये डॅलसनेच निवडला होता. जर्मन पोरगा इथे टिकू शकतो हे आधी त्याने दाखवलं होतं.

शेवटी माइक हातात घेऊन नोवित्स्की म्हणाला, तुम्हाला अंदाज आलाच असेल, घरच्या मैदानावरचा हा माझा शेवटचा सामना. डायरेक्टरने फक्त “दुसरा सेट” एवढंच म्हटलं. मी भूतकाळ लावला. गुण ३१,५४०.

काम तिथे संपत नाही. दुसऱ्या दिवशी हंगामातला शेवटचा सामना सॅन अँटोनिओत, तिथली टीम वेगळी, फाइल रात्रीतच पाठवायची होती. आकडे बदलताना आजोबा म्हणाले, “अमेरिकेत पहिल्यांदा त्याला लोकांनी पाहिलं ते सॅन अँटोनिओतच.” मार्च १९९८चा हूप समिट, जगातल्या तरुण खेळाडूंचा अमेरिकन पोरांशी सामना. वुर्झबुर्गचा संघ वरच्या श्रेणीत जाण्यासाठी झगडत असताना गेश्विंडनर त्याला गुपचूप विमानात बसवून घेऊन आले होते. ३३ गुण, १४ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू). त्यानंतर त्याला कुणी अनोळखी म्हटलं नाही.

मी तेवढ्यात एक नवीन ग्राफिक केलं. वर ‘सॅन अँटोनिओ’, खाली १९९८चे आकडे, त्याखाली २०१९ आणि दोन रिकाम्या चौकटी. भरायचं काम तिथल्या माणसाचं. दुसऱ्या संध्याकाळी घरी सोफ्यावर बसून सामना बघितला. २० गुण, १० रिबाउंड झाले आणि ग्राफिक पडद्यावर आलं. चौकटी बरोबर भरल्या होत्या. फॉन्ट मात्र भलताच लावला होता.