सुट्टी आणि रेक्स-पीएन

आज सुट्टी, म्हणजे दिवसभर रेक्स-पीएनचा अभ्यास. इथे कॅनडात, ऑन्टारियोत आरपीएन (रजिस्टर्ड प्रॅक्टिकल नर्स) व्हायचं तर 2022 पासून हीच परीक्षा. वेळ चार तास, प्रश्न कमीत कमी 90, जास्तीत जास्त 150. उत्तर बरोबर आलं की कॉम्प्युटर पुढचा प्रश्न आणखी अवघड काढतो, आणि मागे जाऊन काही बदलायची सोय नाही. खडूस सासूच!

डोस, ड्रिपचे थेंब यांची भीती नाही, जीएनएमला (आपल्याकडचा नर्सिंग डिप्लोमा) सिस्टरांनी ते घोटून घेतलंय. शुगरच्या आकड्यांनी मात्र डोकं फिरतं. रक्तातली साखर मोजायचं एकक इथे वेगळं, आपल्याकडची 72 (mg/dL) इथे 4 (mmol/L) होते. बसा 18 ने भागत.

खरा घाम फोडतात ते 'आधी कोणाकडे जाल?' वाले प्रश्न. एकाची ऑपरेशनची जागा दुखतेय, एकाला डिस्चार्ज द्यायचाय, एकीचे नातेवाईक चिडलेत आणि एक आजोबा सकाळी नीट बोलत होते, आता काहीतरी असंबद्ध बोलतायत. आजोबाच! अचानक झालेला बदल आधी बघायचा. वॉर्डात असताना पाय आपोआप तिकडे वळायचे, स्क्रीनवर मात्र चारही पर्याय बरोबर वाटतात. (गावाकडे आधी चिडलेल्या नातेवाइकांनाच गाठावं लागायचं, पण ते इथे टिक करून चालत नाही.)

संध्याकाळी आईचा फोन. "अगं, इतकी वर्षं नर्स आहेस, आता परत कसली परीक्षा?"
"इथलं रजिस्ट्रेशन वेगळं असतं गं."
"बरं. जेवलीस का?"

उद्या डिगॉक्सिन आणि लिथियम या औषधांचा अभ्यास. ब्रॅम्प्टनकडचं कोणी तयारी करत असेल तर सांगा, रविवारी एकत्र बसू. चहा माझ्याकडे.