सर्व्हर उभा राहिला, पण मेल जाईना

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखं, पण अनेक स्वतंत्र सर्व्हरांनी मिळून बनलेलं जाळं. त्यात स्वतःचा सर्व्हर चालवायचा विचार असेल तर रुबी, पोस्टग्रेस, रेडिस वगैरे लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नावांना घाबरू नका. ते सगळं कागदपत्रांत लिहिलंय तसं करत गेलं की होतं. घाबरायचंच असेल तर ई-मेलला घाबरा.

आमचा मराठी डेव्हलपरांचा गट आधी व्हॉट्सॲपवर होता. निम्मे पुण्यातले, बाकी कोल्हापूर, नागपूर, काही जर्मनीत. कुणी चांगला प्रश्न विचारायचं, कुणी मन लावून उत्तर द्यायचं, आणि दुसऱ्या सकाळी ते सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जायचं. नवा माणूस आला की पुन्हा तोच प्रश्न. मॅस्टोडॉनशी माझी ओळख जुनी. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, त्यानंतर भारतातून बरेच जण तिकडे गेले, त्यात मीही होतो. दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर खाती उघडता आली असती, पण मला 'लोकल टाइमलाइन' हवी होती: फक्त आपल्या मंडळींचं लिखाण एका जागी, आणि तरीही ॲक्टिव्हिटीपब या सर्व्हरांच्या सामाईक भाषेमुळे बाहेरच्या कुठल्याही सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येईल असं.

सर्व्हर भाड्याने घेतला, सॉफ्टवेअर बसवलं, गटावर दुवा टाकला. उत्साही लोकांनी धडाधड नोंदणी केली. आणि मग फोन सुरू झाले.

"अरे, मेल नाही आला."
"स्पॅममध्ये बघ."
"बघितलं रे."

मॅस्टोडॉनमध्ये पुष्टीच्या मेलमधली लिंक दाबल्याशिवाय आत जाता येत नाही. मेल पाठवायचं काम मागे चालणारा साइडकिक हा प्रोग्राम करतो. त्याच्या पानावर पाहिलं तर 'रिट्राइज'मध्ये, म्हणजे पुन्हा पाठवून बघायच्या यादीत, रांग लागलेली. कारण प्रत्येकाचं एकच: कनेक्शन टाइम-आउट. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीने बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार, बंद ठेवलं होतं. स्पॅम पाठवणाऱ्यांमुळे बऱ्याच कंपन्या तसं करतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढच्या प्रकाराबद्दल आहे.

त्या कंपनीकडे तिकीट, म्हणजे मदतीचा अर्ज, टाकलं. उत्तर आलं, "मेल कशासाठी पाठवणार ते कळवा." कळवलं. दुसऱ्याच माणसाचं उत्तर, "मेल कशासाठी पाठवणार ते कळवा." वरचं वाचा म्हणून कळवलं. तिसरा म्हणाला, खातं नवीन आहे, पहिलं बिल भरलं की पुन्हा अर्ज करा. मी म्हटलं, पैसे आगाऊ जमा केलेत, दिसतायत का? तर म्हणे आगाऊ जमा म्हणजे बिल नव्हे. सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करायला तलाठ्याकडे घातलेले वडिलांचे हेलपाटे आठवले. फरक इतकाच की इथे प्रत्येक पत्राखाली 'तुमचा दिवस आनंदात जावो' असायचं.

या सगळ्यात आणखी एक गंमत. पुष्टी न झालेली खाती मॅस्टोडॉन काही दिवसांनी आपोआप पुसून टाकतो. म्हणजे इकडे मी पत्रव्यवहार करतोय आणि तिकडे माझे सभासद गायब होतायत. (अशा वेळी टूटसीटीएल नावाच्या कमांडने ॲडमिनला खात्याची हाताने पुष्टी करता येते. मी शेवटी तेच केलं. पण पासवर्ड विसरलेल्याला पुन्हा मेलच लागतो.)

मग पोर्ट २५ चा नाद सोडला आणि मेल पोचवून देणारी रिले सेवा शोधली. तिथे पोर्ट ५८७ वरून काम होतं आणि ते सहसा उघडं असतं. पहिल्या सेवेने कारण न देता नाकारलं. दुसरीने विचारलं, तुमच्या मेलमध्ये अनसबस्क्राइबची लिंक कुठे आहे? पासवर्ड बदलायच्या मेलमधून माणूस अनसबस्क्राइब होऊन जाणार कुठे? तरी समजावून सांगितलं, नमुने जोडले, मंजुरी मिळाली.

संपलं? छे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूचे नियम कडक झालेत. पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकिम (मेलवरची डिजिटल सही) हवं, आणि दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्याकडे दोन्ही आणि शिवाय डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). आपण लहान असलो तरी तिन्ही करून टाकावीत. डीकिमची २०४८ बिटांची किल्ली डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, चिकटवली, तपासणी नापास. पुन्हा चिकटवली, नापास. तिथल्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीतल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात आणि किल्ली त्याहून लांब असते. डोमेन विकणाऱ्याचं पॅनेल उरलेली अक्षरं चक्क गिळत होतं, वर हिरवी बरोबरची खूण दाखवत होतं. किल्लीचे दोन तुकडे करून प्रत्येक अवतरणचिन्हांत घातला, तेव्हा पास. अशा पॅनेलची दुसरी खोड म्हणजे नोंदीच्या नावापुढे डोमेन आपोआप जोडणं. तुम्ही पूर्ण नाव लिहिलंत की डोमेन दोनदा होतं. जतन केल्यावर बाहेरून 'डिग' ही डीएनएस तपासायची कमांड मारून बघाच, पॅनेलच्या खुणेवर विसंबू नका.

मॅस्टोडॉनमध्ये मेलची सेटिंग बदलल्यावर फक्त वेबचा भाग नाही, साइडकिकही पुन्हा सुरू करावा लागतो. तो केला आणि रांगेत अडकलेले सगळे मेल एकदम सुटले. ज्यांनी वैतागून 'पुन्हा पाठवा' दाबत बसायचं ठरवलं होतं त्यांना पुष्टीच्या मेलांचा गठ्ठा मिळाला. कोल्हापूरच्या एका दादांनी त्या सगळ्या मेलांचे स्क्रीनशॉट गटावर टाकले. पण मेल पोचले याचा मला झालेला आनंद कुणाला सांगून कळणार नाही.

राग अजून आहे तो याचा: कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं जाळं म्हणून इथे आलो, आणि आत यायची किल्ली मूठभर मेल कंपन्यांच्या खिशात. तेव्हा लोकांना बोलावण्याआधी चार वेगवेगळ्या मेल सेवांवर स्वतः खाती उघडून चाचणी घ्या.

आता आठवेल तसं बाकीचं. नवा सर्व्हर रिकामाच दिसतो, कारण आपल्यापैकी कुणीतरी ज्यांना फॉलो करतं त्यांचंच लिखाण तिथे येतं. म्हणून आधी स्वतः भरपूर लोकांना फॉलो करा. बाहेरच्यांच्या चित्रांच्या प्रती आपल्या डिस्कवर साठतात. जुन्या काढायची कमांड ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या क्रॉनमध्ये टाका, नाहीतर एका रात्री डिस्क भरून पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस, बसेल. नोंदणी मंजुरीवर ठेवा आणि 'सध्या कशावर काम करता?' असं विचारा. बॉटांची उत्तरं लगेच ओळखू येतात. बॅकटिकमध्ये (` या खुणेत) कोड लिहायची सवय असलेले कुरकुरतील, कारण मूळ मॅस्टोडॉनमध्ये मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) लिहिता येत नाही. ग्लिच-सॉक या फोर्कमध्ये, म्हणजे मॅस्टोडॉनच्या बदललेल्या आवृत्तीत, येतं, तिथे एका पोस्टची ५०० अक्षरांची मर्यादाही वाढवता येते. आमच्याकडे यावर अजून वाद चालू आहे.

डोमेन मात्र, हे खरं पहिल्यांदा सांगायला हवं होतं, नंतर बदलता येत नाही; सगळ्यांची ओळख त्यालाच बांधलेली असते. गंमत म्हणून कुठल्याही देशाची शेपटी घेऊ नका. क्विअर डॉट एएफ हा सर्व्हर फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या सरकारने डोमेन काढून घेतल्याने गेला. आम्ही डॉट इन घेतलं.

डेटाबेसच्या बॅकअपबरोबर गुप्त किल्ल्यांची एन्व्ह फाइलही जपा. आमच्याकडे ती माझ्याजवळ आणि नागपूरच्या एका मैत्रिणीजवळ आहे. आता तीही ॲडमिन आहे. पोर्ट २५ साठी पुन्हा तिकीट टाकायची वेळ आलीच तर ती टाकेल, मी नाही.