उद्या पहिलं उड्डाण

सेकंडहँड घेतलेलं स्पिटफायर, म्हणजे त्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं रिमोटवर उडणारं मॉडेल, आज दिवसभर टेबलावर होतं. खरं स्पिटफायर मार्च १९३६ मध्ये पहिल्यांदा उडालं, माझं हे फोमचं उद्या. डाव्या एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीची) बिजागरी सुटत आली होती. आधीच्या मालकाचा पिवळा पडलेला गोंद खरवडून नवी बसवली. मग लक्षात आलं, रिमोटची काठी उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर जायच्या ऐवजी खाली जातोय! तसंच उडवलं असतं तर... अंगावर काटाच आला.

शेवटी तोल. पंखांखाली दोन बोटांवर उचललं तर शेपूट खाली. बॅटरी बोटभर पुढे सरकवली, तेव्हा कुठे नाक किंचित झुकलं. शेपूट जड असलेलं विमान हवेत सावरणं फार कठीण. पहाटे बॅटरी १२.६ व्होल्टपर्यंत भरायची आणि वारा पडलेला असतानाच मैदान गाठायचं. झोप लागेल असं वाटत नाही.