न लिहिलेली तारीख

मलेशियातल्या पिनांगच्या जॉर्ज टाऊनमधील एका जुन्या होक्क्येन, म्हणजे चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या लोकांच्या, देवळात पूर्वजपाट्यांच्या, म्हणजे पूर्वजांच्या नावाने पुजल्या जाणाऱ्या पाट्यांच्या, जतनाचे काम करताना माझ्या हातून एक चूक झाली. तिला आता बराच काळ लोटला, तरी त्या पाटीची फाइल मी अजून बंद केलेली नाही.

चिनी देवळांत जिवंत माणसाच्या दीर्घायुष्यासाठी लाल पाटी लावतात आणि मृतासाठी पिवळी. चांद्र सातव्या महिन्यात मांडलेल्या कागदी पाट्या विधी संपल्यावर जाळूनही टाकतात. माझ्याकडे आल्या होत्या त्या कायमच्या, लाकडी पाट्या. होक्क्येन लोक त्यांना ‘सिन-चू-पाई’ म्हणतात. यांतली जुन्या पद्धतीची पाटी डबीसारखी असते. दर्शनी फळी काढली की आत दुसरी फळी असते आणि तिच्यावर जन्माची आणि मृत्यूची तिथी व वेळ शाईने लिहिलेली असते. दर्शनी नावाखालचे शेवटचे अक्षर ‘स्वामी’ या अर्थाचे असून त्याच्या माथ्यावरचा ठिपका सुरुवातीला मुद्दाम वगळतात. ठिपक्यावाचून ते अक्षर ‘राजा’ असे वाचले जाते. विधीच्या वेळी मानाच्या माणसाने लाल शाईचा ठिपका ठेवला की मगच पाटीत पूर्वज आला असे मानतात. पहिल्याच आठवड्यात असा एक ठिपका मी डाग समजून पुसणार होतो आणि देवळाची व्यवस्था पाहणाऱ्या अंकलनी माझे मनगट धरले होते. त्यानंतर आपल्याला या पाट्या कळू लागल्या आहेत, असा माझा समज झाला.

काम तसे कंटाळवाणे होते. उदबत्तीच्या धुराची काजळी तेलकट असते, साध्या पाण्याला दाद देत नाही, आणि खाली सोन्याचा वर्ख असल्यामुळे तीव्र द्रावण वापरता येत नाही. अशा वेळी बांबूच्या काडीवर कापूस गुंडाळून तो स्वतःच्या थुंकीने ओलावणे हा आमच्या धंद्यातला जुना आणि खात्रीचा उपाय आहे. लाळेतली पाचकद्रव्ये काजळी अलगद सोडवतात. देवळाच्या समितीला ही गोष्ट सांगायची नाही, एवढे शहाणपण मला होते.

एका पाटीवर पतिपत्नींची नावे शेजारी शेजारी कोरलेली होती आणि त्यांपैकी एका नावावर लाल कागदाची पट्टी चिकटवलेली होती. कडा कसरीने खाल्ल्या होत्या, खळ पिवळी पडली होती आणि दमट हवेत कागदाचा कच्चा रंग उतरून वर्खावर पसरला होता. ज्यांनी आयुष्यात कधी पाटी हातात धरली नसावी अशा सल्लागारांनी तयार केलेल्या आमच्या तपासणी-पत्रकात ‘नंतर चिकटवलेले साहित्य’ असा एक रकाना होता; ते कोणी आणि का चिकटवले, यासाठी रकाना नव्हता. आतल्या फळीवर पत्नीच्या बाजूला जन्मतिथी होती आणि पुढची जागा कोरी होती. मी ती अतिनील प्रकाशाखाली पाहिली, शाईचा मागमूस दिसला नाही, आणि मी नोंद केली, ‘लिखाण पुसट होऊन नष्ट.’

पट्टी सोडवायला अर्धा दिवस लागला. पाणी थेट न लावता ओलसर टिपकागदातून वाफेइतकाच ओलावा दिला, खळ फुगू दिली आणि हाडाच्या पातळ सुरीने कागद अखंड उचलला. खालचा वर्ख काल लावल्यासारखा झळाळत होता. इतके स्वच्छ काम माझ्याकडून क्वचितच झाले असेल.

चहाच्या वेळी अंकल आले, पाटीकडे पाहून जागीच थबकले आणि म्हणाले, “ही बाई जिवंत आहे.”

नवऱ्याच्या वेळीच तिचेही नाव कोरून घेतले होते आणि ती जिवंत आहे तोवर ते लाल कागदाखाली झाकलेले राहायचे होते. आतली तारीख पुसली गेलेली नव्हती. ती अजून लिहायचीच होती. कुंकू पुसणे म्हणजे काय हे ज्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला तरी हे सुचायला हवे होते. फरक इतकाच की आपल्याकडचा लाल रंग बाईला नवऱ्याच्या आयुष्यासाठी लावायला लावतात, आणि इथला तिच्या स्वतःच्या आयुष्यासाठी होता.

घाईघाईत मी उघडे नाव आमच्या आम्लरहित कागदाने झाकले. तो कागद पांढरा होता, म्हणजे शोकाच्या रंगाचा. अंकलच्या मदतनिसाने तो काही न बोलता उचलला आणि स्वतःचा हातरुमाल टाकला. पंचांगात पाहून दोन दिवसांनंतरची सकाळ ठरली. न उतरणाऱ्या रंगाचा चांगला कागद देतो असे मी सुचवले, परंतु अंकलनी उदबत्तीच्या दुकानातून साधा लाल कागद आणला आणि भाताच्या खळीने चिकटवला.

बाईंना कळवायचेच नाही, असे समितीचे मत होते. अंकलनी ते मानले नाही. त्या सकाळी त्या आल्या, पट्टी लागेपर्यंत उंबऱ्याबाहेर पाठ करून उभ्या राहिल्या आणि मग आत येऊन उदबत्ती लावली. मी माफी मागितली. त्यांनी अंकलना काहीतरी विचारले. फोटो काढला आहे का, असा तो प्रश्न होता.

फोटो काढलेला होता. प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे ठेवणे आमच्या कामात बंधनकारक आहे आणि ती नष्ट करणे हा अपराध समजला जातो. मी अंकलना खरे ते सांगितले. त्यांनी बाईंना काय सांगितले ते मला समजले नाही, पण त्या मान हलवून निघून गेल्या. अहवालात ‘पट्टी काढली, नवी लावली’ एवढेच लिहिले आहे. छायाचित्र क्रमवारीतून वेगळे करून एका निनावी फोल्डरमध्ये ठेवले आहे, आणि ते उघडावे की पुसावे हे अजून ठरत नाही.