वीतभर बीळ, अकरा किलोमीटर खडी

आधी निकाल सांगतो. घरात डॅशहुंड किंवा लहान टेरियर असेल आणि "बीडजवळ अर्थडॉगचा सराव ठेवलाय, कुत्रं घेऊन या" असा निरोप तुमच्याही मोबाईलवर आला असेल, तर जाऊ नका. कुत्र्याला बिळात सोडायचा हा खेळ जरूर करा. फक्त तिथे जाऊन करू नका.

आमची सुरळी डॅशहुंड, साडेतीन वर्षांची, साडेआठ किलोची, पोट जमिनीपासून चार बोटं वर. मोरीमागे घुशीचं बीळ आहे, ते तिचं दैवत. गेल्या पावसाळ्यात तिने तुळशीचा कट्टा खालून इतका पोखरला की एका सकाळी वृंदावन आडवं झालं. बायको म्हणाली, "अहो, हिला काहीतरी उद्योग लावा, नाहीतर पुढच्या वर्षी घर पाडेल." सुरळीचाही दोष नाही. जातीचं नावच जर्मन: डाक्स म्हणजे बॅजर, बिळात राहणारा प्राणी, आपल्या चांदी अस्वलाचा लांबचा भाऊबंद, आणि हुंड म्हणजे कुत्रा. बिळात शिरून बॅजरला भिडण्यासाठीच ही जात घडवली. आपण तिला सोफ्यावर बसवून बिस्किटं चारतो.

अर्थडॉग म्हणजे हीच खोड शिस्तीत जिरवायचा खेळ. अमेरिकन केनेल क्लब 1994 पासून याच्या चाचण्या घेतो. जमिनीत चर खणायचा, दोन बाजूंना आणि वर लाकडी फळ्या लावायच्या, तळाला मात्र मातीच ठेवायची. रुंदी 9 इंच, उंची 9 इंच, म्हणजे बरोब्बर आपली एक वीत. शेवटाला उंदीर असतात, पण जाळीच्या पिंजऱ्यात, आणि पुढे दांडे, त्यामुळे दात पोचत नाही. नवख्या कुत्र्यासाठी 10 फुटांचं बीळ आणि एकच काटकोनी वळण. आत जाऊन त्याने 30 सेकंद काम करायचं. काम म्हणजे भुंकणं, उकरणं, दांडे कुरतडणं. पुढच्या पायरीला 30 फूट आणि तीन वळणं; 30 सेकंदांत पोचायचं आणि 60 सेकंद टिकायचं.

आपल्याकडे जिवंत उंदराच्या भानगडीत पडू नका. 1960 चा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे, आणि करमणुकीसाठी एक जनावर दुसऱ्यावर सोडणं त्यात बसत नाही. वासावर भागतं. पाळीव पांढऱ्या उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा भोकं पाडलेल्या डब्यात ठेवला की कुत्र्याला पुरतं. आयोजकांनीही तसंच ठरवलं होतं, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. त्यांच्या बाजूने लिहिण्यासारखं एवढंच आहे.

छत्रपती संभाजीनगर ते बीड हा रस्ता सांगण्यासारखा नाही, म्हणजे चांगला आहे. पाचोडला मोसंबीचा रस, शहागडला गोदावरी, संध्याकाळी मेव्हण्याकडे मुक्काम. कंकालेश्वराचं देऊळ पाहिलं. ठीक.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा म्हणाला, "दाजी, पंचेचाळीस मिनिटांत पोचतोय की. काय घाई आहे?" मांजरसुंब्यापर्यंत त्याचं खरं होतं. (कुत्र्याच्या खेळाला मांजरसुंब्यावरून जावं लागतं, यातच सगळं आलं.) तिथून पुढे मुख्य रस्ता सोडून एका फाट्याला आत वळायचं आणि अकरा किलोमीटर जायचं. मोबाईलचा नकाशा अठरा मिनिटं दाखवतो. आम्हाला सत्तावन्न लागली. खडी टाकलेली, पण रोलर फिरवलेला नाही. मुठीएवढे दगड टायरखालून उडून खाली आपटतात, आणि दर दगडाला वाटतं, गेला चेंबर. पाचव्या किलोमीटरवर पूल नसलेला ओढा आहे. फेब्रुवारीत कोरडा होता, तरी आमच्या गाडीचं पोट घासलंच. तिथे बांधावरच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, पुढचा रस्ता कसा आहे? "आसाच हाय. वाळलंय म्हणून बरंय. पाऊस पडला की ट्रॅक्टरबी फसतंय."

ट्रॅक्टर म्हणाला आणि समोरून आलाच. दोन ट्रॉल्या, त्यावर दुप्पट उंचीचा ऊस. कारखान्याचा हंगाम चालू असेपर्यंत हा रस्ता त्यांचा आहे, हे धरूनच निघा. मला दोनशे-तीनशे मीटर मागे यावं लागलं, ते पण खडीवर, आणि मागच्या सीटवर सुरळी सकाळची पोळी बाहेर काढत असताना. कुत्र्याला निघण्याआधी चार तास काही खायला देऊ नका. बसकी गाडी असेल तर फाट्यावरच लावा आणि कुणाच्या तरी जीपमधून जा. अट्टहास करू नका, मी केला.

सातची वेळ दिली होती. आम्ही सव्वासातला पोचलो तेव्हा मंडपाचे बांबू रोवणं चालू होतं. पहिलं कुत्रं सुटलं दहा चाळीसला. बीडचं ऊन फेब्रुवारीतही दहानंतर विनोद करत नाही, आणि जमिनीपासून चार बोटांवर असलेल्या पोटाला ते दोन्हीकडून लागतं.

आता पैसे. निरोपात कुत्र्यामागे 800 लिहिले होते. तिथे गेल्यावर माणसांचा प्रवेश प्रत्येकी 200, म्हणजे दोघांचे 400. गाडी लावायचे 100, तेही बाभळीखाली. आणि 150 "सावलीचे". मंडपात बसायचं असेल तर. मी दोनदा विचारलं, सावलीचे? हो, सावलीचे. झाले 1450. प्रमाणपत्राचे 250 वेगळे, आणि ते आधीच छापून ठेवलेले, "यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल". ते मी घेतलं नाही.

पैशांचंही मी विसरलो असतो. पण ते बीळ.

ते बीळ नव्हतंच. काळी प्लास्टिकची नळी होती, गोल, शेतात पाणी न्यायला घालतात तसली, दोन तुकडे कोपऱ्याने जोडलेले, वरून वीतभर माती ओढलेली. कागदावर माप जुळतं, म्हणून त्यांना वाटलं झालं. झालं नाही. तळाला माती का ठेवायची, तर नखांना पकड मिळते आणि वास धरून राहतो. गुळगुळीत नळीत कुत्र्याचे चारही पाय मध्यभागी घसरतात. त्यात नळीची तोंडं उन्हात उघडी. मी हात घातला तर आत भट्टी. आणि मुख्य म्हणजे झाकण नाही. खऱ्या बिळाच्या वरच्या फळ्या उचलता येतात. कुत्रं अडलं, घाबरलं किंवा नुसतं हट्टाला पेटून बाहेर येईना, तर तिथली फळी काढायची आणि त्याला उचलायचं. नळीची फळी कुठून काढणार?

आमच्या आधी एक जॅक रसेल टेरियर गेला. वळणावर अडकला. गळ्यातला पट्टा जोडाच्या कडेत गुंतला होता. पट्टा राहू द्या म्हणून संयोजकांपैकीच एकाने सांगितलं होतं. बिळात सोडताना पट्टा काढायचा असतो, हे या खेळाचं अआइई. पहिली दोन मिनिटं सगळे हसत होते. मग आतून भुंकणं थांबलं आणि धापा टाकल्याचा आवाज नळीतून घुमून यायला लागला. मालकीणबाई नळीच्या तोंडाशी पालथ्या पडून नावाने हाका मारत होत्या. शेवटी टिकाव आणला, माती उपसली, नळी जोडातून उपटली. बारा मिनिटं. कुत्रं जिभेसकट बाहेर आलं, पाणी प्यालं, शेपूट हलवली. बाईंनी कुणाशी एक शब्द न बोलता गाडी काढली. मीही तेव्हाच निघायला हवं होतं. पण 1450 भरले होते.

सुरळीचा पट्टा काढून तिला तोंडाशी ठेवली. तिने नाक घातलं, बाहेर काढलं, माझ्याकडे पाहिलं. मी घरी पाहुण्यांसमोर मोठ्याने बोललो की ती असंच पाहते. मग नळी सोडून ती वरून चालू लागली, नाक मातीला लावून, सावकाश, वळणाला बरोबर वळून, शेवटापर्यंत. तिथे थांबली, दोनदा हुंगलं आणि उकरायला लागली. माती माझ्या तोंडावर. पाऊण मिनिटात डब्याचं झाकण दिसलं, त्यापुढच्या मिनिटाला डबा तिच्या दातांत होता आणि भुसा सगळीकडे.

"बाद," संयोजक म्हणाले.

"बाद कसं?" मेव्हणा म्हणाला. "माल तर काढला की."

नियमाने बादच. बिळातूनच जायला हवं. पण त्या क्षणी मला जो आनंद झाला तो सावलीच्या दीडशेत मोजता येणार नाही. सांडलेल्या भुशाची एक मूठ मी रुमालात बांधून घेतली.

खरा सराव झाला तो परत येताना, त्या ओढ्यालगत. बांधावरच्या म्हाताऱ्याच्या शेतात ठिबकच्या नळीसाठी चर खणलेला होता, आणि एका जागी तो काटकोनात वळत होता. मी थांबून विचारलं. त्यांच्या गोठ्यात जुन्या दाराच्या फळ्या पडल्या होत्या. चर थोडा रुंद होता, तो आतून फळ्या उभ्या करून वीतभर केला, वर आडव्या टाकल्या, दहा फूट मोजले, टोकाला रुमाल दगडाखाली ठेवला. खणायच्या आधी आणि फळ्या टाकण्याआधी काठीने सगळं नीट चाळवून घ्या. मुरमाच्या चरात घोणस बसलेली असू शकते. आयतं बीळ दिसलं म्हणून त्यात कुत्रं कधीही सोडू नका, घुशीचं असो की कुणाचं.

पहिल्यांदा सुरळीने दीड मिनिट घेतलं, वळणापर्यंत जाऊन परत फिरली. दुसऱ्यांदा वीस सेकंद. आणि मग भुंकणं. ते कानाने ऐकू येण्याआधी तळपायाला कळतं, फळीतून वर येतं. मी अनवाणी उभा होतो, म्हणून सांगतो. म्हातारा नुसता मान हलवत होता. मी शेवटची फळी उचलली, एक हात छातीखाली, एक कमरेखाली घालून तिला वर काढली. डॅशहुंडला दोन हातांनीच उचला, पुढचे पाय धरून ओढलंत तर मणक्याची चकती सरकते आणि मग डॉक्टरचे हेलपाटे. तीनदा सोडली, चौथ्यांदा नाही. तिला हवं होतं, मीच थांबवलं.

"तिकडं किती घेतले?" म्हाताऱ्याने विचारलं.

"चौदाशे पन्नास."

"नळीत घालायला?"

चहाचे पैसेही घेतले नाहीत त्यांनी.

जाण्याआधी लसीच्या पुस्तिकेत लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या लसीची, नोंद बघा. हा रोग उंदरांच्या मुतातून येतो, वर्ष उलटलं असेल तर आधी टोचून घ्या. घरी आल्यावर बोटांच्या फटी, कानाची पाळी आणि काखा चाचपडा. आम्हाला अकरा गोचीड सापडले, त्यातले दोन दुसऱ्या दिवशी.

परतीला तीच खडी. उसाचा ट्रॅक्टर पुन्हा भेटला, या वेळी रिकामा, आणि त्याने स्वतःहून मागे घेतला.